लिव्हरचा जुना आजार आणि रोजची दिनचर्या : पुण्यातल्या रुग्णांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी

सिरॉसिस (लिव्हर व्रणांनी कडक आणि गाठाळ होणं), हिपॅटायटिस बी किंवा सी (विषाणूंमुळे येणारी लिव्हरची सूज), दारूने झालेलं नुकसान, फॅटी लिव्हरमधून (लिव्हरमध्ये चरबी साठण्यातून) आलेला फायब्रोसिस, म्हणजे लिव्हरमधले व्रण. कारण कुठलंही असो, रिपोर्ट हातात पडला की घरात सगळ्यात आधी बदलतं ते रुग्णाचं ताट. तूप बंद, डाळ बंद, अंडी बंद. मग मऊ भात, पेज, मुरमुरे आणि चौकातल्या गुऱ्हाळातून आणलेला उसाचा रस. हे पथ्य काविळीच्या जुन्या समजुतींतून आलेलं आहे आणि लिव्हरच्या जुन्या आजारात ते चक्क नुकसान करतं. अशा रुग्णांचे दंड आणि मांड्या महिन्यागणिक बारीक होत जातात, पोट मात्र पाण्याने फुगत राहतं, आणि घरच्यांना वाटतं की वजन तर तेवढंच आहे.

खाली दिलेल्या गोष्टी घरात करायच्या आहेत. त्या औषधाची जागा घेत नाहीत. किडनीचा आजार, मधुमेह किंवा हृदयविकार सोबत असेल तर आकडे बदलतात, म्हणून आहार पक्का करण्याआधी तुमच्या डॉक्टरांना किंवा आहारतज्ज्ञांना एकदा दाखवा.

१. आधी आपला टप्पा विचारून घ्या

‘लिव्हरला सूज आहे’ एवढ्यावर दिनचर्या बसवता येत नाही. पुढच्या भेटीत हे पाच प्रश्न विचारा आणि उत्तरं तिथेच लिहून घ्या.

– आजाराचं मूळ कारण काय?
– सिरॉसिस झालाय का, की अजून त्याच्या अलीकडे आहे?
– पोटात पाणी आहे का, पूर्वी कधी झालं होतं का?
– एंडोस्कोपीत अन्ननलिकेत फुगलेल्या शिरा, म्हणजे व्हेरिसेस, दिसल्या का? लहान की मोठ्या?
– गुंगी, गोंधळ, म्हणजे एन्सेफलोपॅथी कधी झाली आहे का?

फॅटी लिव्हर आहे पण सिरॉसिस नाही आणि वजन जास्त आहे, अशा माणसाने वजन उतरवायचं असतं. पाच टक्के उतरलं तरी लिव्हरमधली चरबी कमी होते. सूज आणि फायब्रोसिसवर परिणाम दिसायला सात ते दहा टक्के लागतात. म्हणजे ८० किलोच्या माणसाने सहा महिने ते वर्षभरात सहा ते आठ किलो. पोटात पाणी झालेल्या सिरॉसिसच्या रुग्णाचा प्रश्न नेमका उलटा असतो, त्याला खायला घालायचं असतं. एकाचा आहाराचा कागद दुसऱ्याने वापरला की घोटाळा होतो. सोसायटीत, नात्यात, व्हॉट्सअॅपवर असे कागद सतत फिरत असतात.

सगळे कागद तारखेच्या क्रमाने एकाच फाइलमध्ये लावा : एलएफटी (लिव्हरची रक्ततपासणी), सीबीसी (रक्तपेशींची मोजणी, रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट त्यात येतात), आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो), क्रिएटिनिन (किडनीचं काम), सोडियम-पोटॅशियम, सोनोग्राफी, फायब्रोस्कॅन (लिव्हरचा कडकपणा), एंडोस्कोपी, लसींच्या नोंदी. चालू असलेल्या प्रत्येक गोळीच्या पट्टीचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. आधार आणि रेशनकार्डाच्या प्रतीही फाइलमध्येच असू द्या. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसणारे उपचार कोणते, हे योजनेतल्या रुग्णालयातले आरोग्यमित्र सांगतात आणि तेव्हा हे कागद लागतात.

२. प्रथिनं कमी करू नका, मोजून वाढवा

निरोगी लिव्हर हे साखरेचं कोठार असतं. जेवल्यावर त्यात भर पडते आणि दोन जेवणांच्या मधे त्यातून शरीराला पुरवठा होतो. सिरॉसिसमध्ये हे कोठार लहान होतं, काही तासांत रिकामं होतं. मग शरीर स्वतःचे स्नायू मोडून साखर बनवायला लागतं. निरोगी माणसाची दोन-तीन दिवस उपाशी राहिल्यावर जी अवस्था होते, ती सिरॉसिसच्या रुग्णाची एका रात्रीत होते.

आणि स्नायू केवळ ताकदीसाठी नसतात. आतड्यातून रक्तात येणारा अमोनिया लिव्हरला साफ करता आला नाही की त्यातला बराच भाग स्नायू साफ करतात. स्नायू गेले की गुंगी येण्याचा धोका वाढतो. ‘प्रोटीनने डोक्यात अमोनिया चढतो’ म्हणून डाळ-अंडी तोडण्याचा जुना सल्ला अजूनही ऐकू येतो, पण आजची वैद्यकीय मार्गदर्शक तत्त्वं तो देत नाहीत. एन्सेफलोपॅथी होऊन गेलेल्या रुग्णालाही प्रथिनं पूर्ण द्यायची असतात. त्याच्यासाठी डाळी, कडधान्यं, दूध-दही जास्त मानवतात, एवढाच फरक.

मोजमाप असं : सिरॉसिसमध्ये दर किलो वजनामागे रोज १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं आणि साधारण ३० ते ३५ किलोकॅलरी. इथे वजन धरायचं ते पायावरची सूज आणि पोटातलं पाणी वगळून. ६० किलोच्या माणसाला ७२ ते ९० ग्रॅम प्रथिनं लागतात. खूप लठ्ठपणा असेल तर कॅलरीचा आकडा खाली येतो, तो आहारतज्ज्ञांकडूनच ठरवून घ्या.

आपल्या घरातल्या पदार्थांत प्रथिनं किती, याचा अंदाज :

– डाळ किंवा कडधान्य, कोरडं ३० ग्रॅम (शिजल्यावर एक घट्ट वाटी) : ७ ग्रॅम
– दूध २०० मिली : ६ ते ७ ग्रॅम
– दही १०० ग्रॅम : साधारण ३.५ ग्रॅम
– पनीर ५० ग्रॅम : ९ ग्रॅम
– एक अंडं : ६ ग्रॅम
– सोयाबीनच्या वड्या, कोरड्या २५ ग्रॅम : १२ ते १३ ग्रॅम
– फुटाणे ३० ग्रॅम : ६ ग्रॅम
– शेंगदाणे ३० ग्रॅम : ७ ग्रॅम
– ज्वारीची एक मध्यम भाकरी (५० ग्रॅम पीठ) : ५ ग्रॅम
– एक पोळी (३० ग्रॅम पीठ) : साडेतीन ग्रॅम

आता शाकाहारी माणसाचा एक पूर्ण दिवस बघा. उठल्यावर कपभर दूध. नाश्त्याला ४० ग्रॅम मूगडाळीची धिरडी. अकराला मूठभर फुटाणे. जेवायला दोन भाकऱ्या, मटकीची उसळ, वाटीभर दही. पाचला बिनमिठाचे भाजलेले शेंगदाणे आणि फळ. रात्री दोन पोळ्या, घट्ट वरण, भाजीत ५० ग्रॅम पनीर. झोपताना दुधातली नाचणीची खीर. बेरीज ८० ग्रॅमच्या पुढे जाते, प्रोटीन पावडरचा डबा न आणता.

घोटाळा होतो तो पातळ वरणात. पाण्यासारख्या आमटीच्या दोन वाट्या प्याल्या तरी डाळ दोन चमचेच पोटात जाते. म्हणून मोजायचं ते कोरडी डाळ वाटीत घेताना. एकदा वजनकाट्यावर ३० ग्रॅम डाळ घेऊन ती घरातल्या कुठल्या वाटीत किती येते ते पाहून ठेवा, पुढे रोज काटा लागत नाही.

तेल-तुपाबद्दल : फॅटी लिव्हरमध्ये हात आखडता घ्या, पण सिरॉसिसमध्ये वजन घटत असेल तर वरणभातावरचा चमचाभर तुपाचा घास काढून घेऊ नका. जेवणच कमी जात असलेल्या माणसाला त्या चमच्याची गरज असते.

शेंगदाणे घेताना काळे पडलेले, सुरकुतलेले, खवट, बुरशीचा वास येणारे दाणे निवडून फेकून द्या. भाजून कूट केल्याने त्यातलं विष जात नाही. त्या बुरशीपासून तयार होणारं अफ्लाटॉक्सिन लिव्हरच्या कॅन्सरला कारणीभूत ठरतं, आणि आधीच आजारी लिव्हरला ते अधिक बाधतं. पावसाळ्यात दाणे थोडेच आणा, कोरड्या घट्ट डब्यात ठेवा.

३. झोपण्याआधीचं खाणं चुकवू नका, उपवास जपून

एकच सवय लावायची असेल तर ही लावा. रात्री आठला जेवण आणि सकाळी आठला चहा-बिस्किट म्हणजे बारा तास पोट रिकामं. हे बारा तास रोज स्नायूंतून वसूल होतात. झोपायच्या अर्धा-एक तास आधी साधारण ५० ग्रॅम कर्बोदकं आणि त्यासोबत थोडी प्रथिनं घ्या. उदाहरणार्थ :

– कपभर दुधात नाचणीची खीर आणि एक केळं
– दूध-पोळी, दीड पोळीची
– दह्यात कालवलेला वाटीभर भात, मीठ न घालता
– राजगिऱ्याचे दोन लहान लाडू आणि दूध

मधुमेह असला तरी हे खाणं टाळायचं नसतं, पदार्थ बदलायचा असतो. इन्सुलिन किंवा साखरेच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना सांगून वेळ जुळवून घ्या. सिरॉसिसमध्ये तांबड्या पेशी लवकर मोडतात, त्यामुळे तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीए१सी तपासणी खोटी कमी येऊ शकते. घरच्या ग्लुकोमीटरची वही सोबत न्या.

दिवसाही तीन-चार तासांहून जास्त मधली वेळ जाऊ देऊ नका. सकाळी उठल्यावर तासाभरात काहीतरी पोटात पडायला हवं.

आता उपवासांचं. संकष्टीला चंद्रोदय होईपर्यंत काहीच न खाणं, निर्जळी एकादशी, नवरात्रात नऊ दिवस एकवेळ, हे सिरॉसिसमध्ये करू नका. हे ठामपणे सांगायला हवं, कारण घरातल्या मोठ्या बायका नेमक्या इथे ऐकत नाहीत. आजारी माणसाने व्रत सोडलं तर दोष नाही असं आपल्याकडे पूर्वापार मानलेलं आहे. आजींना किंवा आईंना हे त्यांच्या गुरुजींकडून ऐकवलं तर अधिक पटतं. अगदीच उपवास धरायचा तर दर तीन तासांनी खा : दूध, ताक, दही, राजगिरा, शेंगदाणे, फळं, भगर. साबुदाण्यात प्रथिनं जवळजवळ नसतात, म्हणून खिचडी दाण्याचं कूट जास्त घालून, मीठ कमी टाकून आणि वाटीभर दह्यासोबत.

४. मीठ : किती, कुठे लपतं, काय वापरू नये

पोटात पाणी किंवा पायावर सूज असेल तर दिवसाचं एकूण मीठ साधारण ५ ग्रॅमपर्यंत, म्हणजे सपाट चहाच्या चमच्यापेक्षा किंचित कमी. अन्नात मुळातच थोडं सोडियम असतं, ते धरता स्वयंपाकात घालायला तीन-साडेतीन ग्रॅम उरतं, अर्ध्या चमच्याच्या जरा वर. ज्यांना पाणी झालेलंच नाही त्यांनी खारट कमी करावं, पण इतकं मोजत बसायची गरज नसते.

घरात जमेल असा मार्ग : सकाळी रुग्णाचं दिवसभराचं मीठ एका लहान डबीत काढून ठेवा. भाजी-आमटी बिनमिठाची शिजवा, रुग्णाचा वाटा बाजूला काढा, मग बाकीच्यांच्यात मीठ घाला. रुग्णाने डबीतलं मीठ ताटात वरून घ्यावं. वरून घेतलेलं मीठ जिभेला लगेच लागतं, त्यामुळे कमी पुरतं. भाकरी, पोळी आणि भात बिनमिठाचाच करा.

चवीसाठी लिंबू, आमसूल, चिंच, कैरी, आलं-लसूण, जिरं, ओली मिरची, कोथिंबीर, घरचा गोडा मसाला, भाजलेल्या तिळाची किंवा जवसाची बिनमिठाची चटणी. पहिले दोन-तीन आठवडे जेवण बेचव लागतं, मग जीभ सरावते. पण मीठ काढल्यामुळे माणूस जेवेनासाच झाला तर डॉक्टरांना सांगा. अर्धपोटी राहण्यापेक्षा थोडं मीठ परवडलं, बाकीचं औषधाने सांभाळता येतं. मीठ पूर्ण बंद करणं हा उपाय नाही.

मीठ लपतं ते इथे : लोणचं, पापड, कुरडया, सांडगे, मिरगुंड, फरसाण, भाकरवडी, वेफर्स, खारी, ब्रेड, पाव, चीज, सॉस, इन्स्टंट नूडल्स, सूपची पाकिटं, हॉटेलातली ग्रेव्ही, सुकी मासळी. मिसळीत तर तर्री, फरसाण आणि पाव अशा तिन्ही ठिकाणी मीठ असतं. पापडखार आणि खाण्याचा सोडा यांत खारटपणा जाणवत नाही, पण सोडियम भरपूर असतं. आम्लपित्तासाठी पाण्यात फसफसणारी पुडी टाकतात, त्या एका पुडीत दिवसाच्या सोडियमचा मोठा वाटा संपतो. पाण्यात विरघळणाऱ्या गोळ्यांचंही तसंच.

दोन सापळे इथे फार लोकांना अडकवतात. एक, सैंधव किंवा काळं मीठ. तेही सोडियमच आहे, ‘चालतं’ म्हणून जास्त घालू नका. दुसरा अधिक धोक्याचा : ‘लो सोडियम’ मीठ. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम असतं. पोटातल्या पाण्यासाठी दिली जाणारी स्पायरोनोलॅक्टोन ही गोळी शरीरात पोटॅशियम धरून ठेवते. दोन्ही मिळून पोटॅशियम इतकं वाढू शकतं की हृदयाचे ठोके बिघडतात. ही गोळी चालू असेल तर ते मीठ घरात आणू नका, आणि रोज शहाळ्याचं पाणी पिण्याआधीही रक्तातलं पोटॅशियम डॉक्टरांना विचारा.

पाणी पिण्यावर बंधन सगळ्यांना नसतं. रक्तातलं सोडियम फार खाली गेलं तरच डॉक्टर ते घालतात. स्वतःहून पाणी तोडू नका, विशेषतः एप्रिल-मेमध्ये.

५. रोजचं वजन

सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्याआधी, त्याच कपड्यांत, त्याच काट्यावर. भिंतीवरच्या कॅलेंडरवर आकडा लिहा. एका दिवसात किलोहून जास्त किंवा आठवड्यात दोन किलो वाढलं तर ते पाणी आहे, भेटीच्या तारखेची वाट न पाहता फोन करा. लघवीच्या गोळ्या चालू असताना उलटंही बघा : पायावर सूज नसलेल्या माणसाचं वजन रोज अर्ध्या किलोपेक्षा वेगाने उतरत असेल (सूज असल्यास एक किलो) तर किडनीवर ताण येऊ शकतो. गोळ्यांचं प्रमाण स्वतः कमी-जास्त न करता लगेच कळवा. जुलाब-उलट्या लागल्या तर त्या दिवशी या गोळ्या घ्यायच्या का, हे आधीच विचारून फाइलवर लिहून ठेवा.

महिन्यातून एकदा दंडाचा घेर टेपने मोजा. वजन तेवढंच आणि दंड बारीक होत चालला, तर पाणी वाढतंय आणि माणूस खंगतोय.

६. दारू : शून्य

बिअर, वाइन, ‘फक्त लग्नात’, ‘फक्त एकतीस डिसेंबरला’, यातलं काहीही नाही. आजाराचं कारण दारू नसली तरीही नाही. रोज पिणाऱ्याने मात्र एकदम घरच्या घरी सोडू नये. हातापायांची थरथर, घाम, भास, झटके येऊ शकतात आणि ते जिवावर बेततं. डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडा. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या सभा पुण्यात मराठीतून होतात आणि त्यांना फी नसते. त्याच संस्थेच्या धर्तीवर घरच्यांसाठी अल-अॅनॉन आहे, तिथे पत्नीने किंवा आईने जायला लाजू नये. पुण्यातलं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रही याच कामासाठी आहे.

तंबाखू, मिश्री आणि सिगारेटही सोडायची आहे. कॉफीला मात्र बंदी नाही. दिवसाला दोन-तीन कप साधी कॉफी पिणाऱ्यांत फायब्रोसिस कमी आढळतो. झोप बिघडत असेल तर दुपारनंतर नको.

७. औषधं, काढे आणि ‘लिव्हर टॉनिक’

डोकेदुखी, सर्दी, कंबरदुखीला मेडिकलच्या दुकानातून परस्पर गोळी घेणं बंद करा. पुढची यादी फाइलच्या आतल्या बाजूला चिकटवून ठेवा.

– आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, अॅसिक्लोफेनॅक, निमेसुलाइड : नको. सिरॉसिसमध्ये यांनी किडनी बसू शकते, फुगलेल्या शिरांतून आणि जठरातून रक्तस्राव होऊ शकतो, पोटातलं पाणी वाढतं. निमेसुलाइड लिव्हरलाच इजा करतं.
– पॅरासिटामॉल : घाबरून टाळायचं कारण नाही, पण सिरॉसिसमध्ये दिवसाला एकूण २ ग्रॅमच्या आत, म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या जास्तीत जास्त चार गोळ्या, तेही थोडेच दिवस आणि डॉक्टरांना विचारून. सर्दीच्या मिश्र गोळ्यांतही पॅरासिटामॉल असतं, दोन्ही मिळून मोजा.
– झोपेच्या आणि चिंतेच्या गोळ्या (अल्प्राझोलम, क्लोनाझेपाम वगैरे) : यांनी एन्सेफलोपॅथी ओढवते. आधीपासून चालू असतील तर अचानक तोडू नका, लिव्हरच्या डॉक्टरांना दाखवा.
– आम्लपित्ताच्या रोजच्या गोळ्या : वर्षानुवर्षं सवयीने चालू असतील तर खरंच लागतात का, हे विचारा. त्यांनी संसर्गाचा धोका वाढतो.

आता काढे. ‘आयुर्वेदिक आहे, साइड इफेक्ट नाही’ हे वाक्य लिव्हरच्या बाबतीत खरं नाही, कारण पोटात गेलेल्या बहुतेक द्रव्यांवर प्रक्रिया लिव्हरच करतं. कोविडच्या काळात गुळवेलीचा काढा नियमित घेणाऱ्यांच्या लिव्हरला इजा झाल्याच्या नोंदी मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केल्या. अश्वगंधा, ग्रीन टीच्या अर्काच्या गोळ्या, हळदीच्या जास्त मात्रेच्या कॅप्सूल यांच्याबाबतही अशा नोंदी आहेत. फोडणीतली हळद यात येत नाही, ती खुशाल घाला. भस्मांत धातू असू शकतात. आसवं आणि अरिष्टं आंबवून बनतात, त्यांच्यात साधारण ५ ते १० टक्के अल्कोहोल तयार झालेलं असतं, म्हणजे दारू सोडलेला माणूस चमच्याने तीच घेतो. जिममधल्या पावडरी, वजन घटवणाऱ्या पुड्या, गावाकडचं काविळीचं औषध, नाकात टाकायचे थेंब, हे सगळं याच रांगेत.

एखादा काढा आधीच चालू असेल तर तो लपवू नका. बाटली किंवा पुडी डॉक्टरांसमोर ठेवा. रिपोर्ट अचानक बिघडण्याचं कारण कित्येकदा त्या बाटलीत सापडतं, आणि डॉक्टर रागावतील या भीतीने रुग्ण ते सांगत नाहीत.

८. पाणी आणि बाहेरचं खाणं

हिपॅटायटिस ए आणि ई दूषित पाण्यातून पसरतात. निरोगी माणूस त्यातून बहुधा बरा होतो, सिरॉसिसच्या रुग्णाचं लिव्हर मात्र त्या धक्क्याने निकामी होऊ शकतं. पुण्यात हा धोका कागदावरचा नाही. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता, किरकटवाडी, नांदेड, धायरी भागात जीबीएसची (गियाँ-बारे सिंड्रोम, नसांवर हल्ला करून हातपाय लुळे पाडणारा आजार) साथ आली तेव्हा दूषित पाणी हाच मुख्य संशय होता. तुमच्या सोसायटीत टँकरचं किंवा बोअरचं पाणी येत असेल, किंवा पावसाळा सुरू झाला असेल, तर फिल्टर असला तरी रुग्णाचं पाणी उकळा. खळखळून उकळी आल्यावर निदान एक मिनिट, मग झाकून गार. फिल्टरची मेंब्रेन आणि दिवा वेळेवर बदलला नसेल तर त्यावर विसंबू नका.

बाहेर : पाणीपुरी, बर्फाचा गोळा, गाड्यावरची कापलेली फळं, चटण्या, उसाचा रस टाळा. उसाच्या रसात लिव्हरला बरं करणारं काही नाही, साखर असते आणि बर्फाचं पाणी कुठलं ते माहीत नसतं. गरम, समोर शिजलेलं खा : इडली-सांबार, वरणभात, ताजी भाकरी. दूध तापवल्याशिवाय नको. कोकणात गेलात तर तिसऱ्या, कालवं, खेकडे पूर्ण शिजलेलेच खा, आणि पायाला जखम असताना समुद्रात उतरू नका. तिथल्या पाण्यातले जंतू लिव्हरच्या रुग्णाच्या रक्तात फार वेगाने पसरतात.

९. चालणं आणि स्नायू

आठवड्याला १५० मिनिटं, म्हणजे रोज अर्धा तास पाच दिवस, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतक्या वेगाने. सुरुवात दहा मिनिटांपासून केली तरी चालेल. सारसबाग, संभाजी बाग, कमला नेहरू पार्क, विद्यापीठाचा परिसर अशी सपाट जागा निवडा. पर्वतीच्या पायऱ्या आणि वेताळ टेकडी ज्यांना सिरॉसिस नाही किंवा तब्येत स्थिर आहे त्यांनी करावी, पावसात निसरड्या टेकड्या नकोत. रक्त गोठायला वेळ लागणाऱ्या माणसाला पडणं महागात जातं.

चालण्याने स्नायू टिकतात, वाढत नाहीत. त्यासाठी आठवड्यातून दोन-तीनदा : हाताचा आधार न घेता खुर्चीतून उठणं-बसणं, दहा-दहाचे दोन संच. पाण्याने भरलेल्या लिटरच्या बाटल्या हातात घेऊन कोपरातून वाकवणं. भिंतीला हात टेकून दंड. त्यानंतर अर्ध्या तासात दूध किंवा फुटाणे. उपाशीपोटी व्यायाम करू नका.

मोठे व्हेरिसेस असतील तर जड वजन उचलणं, श्वास रोखून जोर लावणं टाळा. सिलिंडर आणि पाण्याच्या बादल्या दुसऱ्याने उचलाव्यात. बेंबीत हर्निया किंवा पोटात पाणी असेल तर कपालभातीसारखे पोटाला झटके देणारे प्रकार विचारल्याशिवाय नकोत.

१०. शौच, झोप आणि गाडी

एन्सेफलोपॅथी होऊन गेली असेल तर लॅक्टुलोजचं (शौचावाटे अमोनिया बाहेर काढणारं पातळ औषध) प्रमाण चमच्यांवर न ठरवता शौचावर ठरतं : दिवसाला दोन ते तीन वेळा मऊ. एकदाच झाली तर कमी पडतंय, पाच-सहा वेळा पातळ होत असेल तर जास्त होतंय, आणि शरीरातलं पाणी गेल्यानेही गुंगी येते. ‘शौच साफ होतंय, आता कशाला’ म्हणून औषध बंद करणं हे पुन्हा अॅडमिट होण्याचं नेहमीचं कारण आहे.

गुंगीची सुरुवात घरच्यांना आधी कळते. दिवसा झोप आणि रात्री जागरण, चिडचिड, सही बदलणं, मोबाइलवर टाइप करताना चुका, कपड्यांची बटणं लावताना अडखळणं. एक सोपी चाचणी आहे : एका मिनिटात आठवतील तेवढ्या प्राण्यांची नावं सांगायला लावा. तब्येत चांगली असताना आलेला आकडा लिहून ठेवा, पुढे तो बराच घसरला तर डॉक्टरांना कळवा. अशा दिवसांत दुचाकी अजिबात चालवू देऊ नका, किल्ली काढून घ्या. पुण्याच्या रहदारीत अर्ध्या सेकंदाचा उशीरही पुरतो.

अंगाला खाज सुटत असेल तर कोमट पाण्याची अंघोळ, खोबरेल तेल, सैल सुती कपडे, आणि डॉक्टरांना सांगणं. दात मऊ ब्रशने घासा. दात काढायचा असेल तर दंतवैद्याला प्लेटलेट आणि आयएनआर आधी दाखवा.

११. लसी आणि तपासण्या

– हिपॅटायटिस बी : आधी रक्त तपासा. लागण नसेल आणि प्रतिकारशक्ती नसेल तर ०, १ आणि ६ महिन्यांनी तीन डोस, नंतर अँटीबॉडीची पातळी १० च्या वर आली का ते बघा. सिरॉसिसमध्ये डॉक्टर जास्त मात्रा सुचवू शकतात.
– हिपॅटायटिस ए, फ्लू (दरवर्षी), न्यूमोकोकल (न्यूमोनियाविरुद्धची लस) : डॉक्टरांना विचारून.
– हिपॅटायटिस बी असेल तर घरातल्या सगळ्यांची तपासणी आणि लस. रेझर, नेलकटर, टूथब्रश वेगळे. एका ताटात जेवल्याने तो पसरत नाही, भांडी वेगळी करून माणसाला दुखवू नका.
– सिरॉसिस असेल तर दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी, बहुधा एएफपी या रक्ततपासणीसह. ही तपासणी लिव्हरच्या कॅन्सरसाठी असते, लहान असताना सापडलेल्या गाठीवर इलाज होतो. ‘काही त्रास नाही’ म्हणून ही चुकवू नका, त्या टप्प्यावर त्रास नसतोच.

हिपॅटायटिस बी आणि सी ची तपासणी आणि औषधं २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात सरकारी केंद्रांवर मोफत मिळतात. ससूनमध्ये किंवा जवळच्या सरकारी रुग्णालयात चौकशी करा. हिपॅटायटिस सी बहुतेकांचा १२ आठवड्यांच्या गोळ्यांनी पूर्ण बरा होतो. बी च्या गोळ्या मात्र मनाने बंद करू नका, व्हायरस उसळून लिव्हर अचानक निकामी होऊ शकतं.

१२. ताबडतोब रुग्णालयात कधी न्यायचं

रक्ताची उलटी. डांबरासारखी काळी, चिकट, दुर्गंधी शौच (लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळी होते, पण चिकट नसते, शंका असेल तर जा). गोंधळ, उठवूनही नीट जागं न होणं. पोटात पाणी असताना ताप किंवा पोटदुखी, ताप बारीक असला तरी. दिवसभरात लघवी अगदी कमी. डोळ्यांचा पिवळेपणा काही दिवसांत झपाट्याने वाढणं.

यातलं काहीही रात्री दोनला झालं तरी सकाळची वाट पाहू नका. १०८ ला फोन करा किंवा गाडी काढा, आणि जवळच्या लहान दवाखान्यात वेळ न घालवता जिथे रात्रीही एंडोस्कोपी होते अशा मोठ्या रुग्णालयात जा. तुमच्या भागात असं रुग्णालय कुठलं, हे आजच फोन करून विचारा आणि नाव-नंबर फ्रिजच्या दारावर लावा. रक्ताची उलटी होत असेल तर रुग्णाला कुशीवर झोपवा, तोंडाने पाणीसुद्धा देऊ नका. निघताना फाइल, गोळ्यांच्या पट्ट्या, आधार, रेशनकार्ड घ्या, आणि दारातच पहिलं वाक्य सांगा : ‘यांना सिरॉसिस आहे, अमुक गोळ्या चालू आहेत, शेवटची एंडोस्कोपी अमुक महिन्यात झाली.’